पाच कशाचे?

काहीच झालं नाही, म्हणून हर्षा दचकली. सव्वादहा वाजले होते. कर्वे रस्त्यावरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात नुकते पंखे सुरू झाले होते, आणि तिनं घाईघाईत एका ओळीत नुसता सातचा आकडा लिहून प्रोग्रॅम बिल्डला लावला होता, म्हणजे कंपायलरकडं तपासून बांधायला दिला होता. लिहितानाच तिला कळलं होतं की हे चुकलं. सात मिलिग्रॅम लिहायला हवं होतं, नुसतं सात नाही. आता कंपायलर ओरडेल, मग दुरुस्त करू, असं मनाशी म्हणत ती हाताची घडी घालून बसली. पडद्यावरून ओळी सरकत गेल्या आणि शेवटी रोजच्यासारखंच आलं: चुका शून्य. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. सात तसाच होता, एकटा, उघडा. जिन्याला अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि एकदम जमीनच लागावी, तसं तिला झालं. शेजारच्या खिडकीतून रिक्षांचा आवाज येत होता. कुणीतरी चहाचे कप मांडत होतं. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

कंपनी छोटी होती, अकरा माणसांची. पेशंटच्या शिरेतून ठरलेल्या वेगानं औषध सोडणारा पंप ते बनवत. पंपाची मोटर, नळ्या, पेटी हे सगळं खालच्या मजल्यावर व्हायचं, आणि किती औषध किती वेळात सोडायचं हे ठरवणारा प्रोग्रॅम वरच्या मजल्यावर हर्षा आणि सुदर्शन लिहायचे. वेगाचं गणित त्यांनी टेम्प्लेटमध्ये लिहिलं होतं, म्हणजे साच्यात. एकच साचा; त्यात मिलिग्रॅम घाला, मायक्रोग्रॅम घाला, तासाचं माप घाला, मिनिटाचं घाला. साच्याला काहीही चालतं, हाच त्याचा गुण, आणि हर्षाला त्याची भीतीही तेवढ्याचसाठी वाटायची. म्हणून दीड वर्षापूर्वी तिनं साच्याच्या तोंडाशी एक तपासणी बसवली होती. प्रोग्रॅम अजून बनतो आहे, कुठल्या यंत्रात गेलेला नाही, कुठल्या खाटेजवळ पोचलेला नाही, तेवढ्यातच कंपायलरनं आत येणाऱ्याला विचारायचं: तुझ्याजवळ तुझं एकक आहे का? असलं तर ये. नसलं तर प्रोग्रॅम बनणारच नाही, मग चालण्याचा आणि चुकण्याचा प्रश्नच नाही. आत येणाऱ्याला इंग्रजीत टाइप म्हणतात. कॉलेजात असताना एका सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, टाइप म्हणजे जात, आणि वर्ग हसला होता. हर्षाला तो शब्द कधी घ्यावासा वाटला नाही. तिची तपासणी तू कोण, कुणाचा, हे विचारतच नव्हती. तुझ्याजवळ हे एक आहे का, एवढंच विचारत होती. तेवढ्यासाठी तिनं तेव्हा पंधरा दिवस घातले होते, आणि ते जमलं त्या संध्याकाळी ती एकटीच जाऊन उसाचा रस पिऊन आली होती.

तपासणी होती तिथंच होती. तिच्यापुढं फक्त दोन तिरक्या रेघा मारलेल्या होत्या. दोन रेघा मारल्या की ती ओळ कंपायलरला दिसत नाही, माणसाला दिसते. बाजूला लिहिलं होतं, तात्पुरतं, आणि खाली सुदर्शनचं आद्याक्षर. तारीख अकरा दिवसांपूर्वीची. या अकरा दिवसांत हॉस्पिटलकडून आलेला औषधांचा नवा तक्ता त्यानं प्रोग्रॅममध्ये भरला होता, आणि पुढच्या गुरुवारी दोन पंप घोडेगावच्या वाटेवरच्या एका खासगी हॉस्पिटलात चाचणीला जायचे होते. हर्षानं त्या दोन रेघा पुसल्या आणि पुन्हा बिल्ड लावलं. पडदा चुकांनी भरून वाहू लागला. तिनं मोजल्या. एक्केचाळीस ठिकाणं. तिनं रेघा पुन्हा होत्या तशा मारल्या, आणि आपण असं का केलं हे तिला जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळलं नाही.

सुदर्शन डिंभे धरणाच्या खालच्या अंगाचा. वडील भगवंतराव अजून शेती बघत, आणि हा दर पंधरवड्याला घरून एक पिशवी घेऊन येई, कधी भुईमुगाच्या शेंगा, कधी वालाच्या. माणूस सरळ होता. तिनं विचारल्यावर त्यानं लपवलं नाही. डबा पुढं सरकवत म्हणाला, "हो, मीच बंद केलं. सांगणार होतो तुला, राहून गेलं."

"का पण?"

"अगं, त्याची एरर बघितलीस का कधी? म्हणजे तू लिहिलंयस, तुला कळत असंल. आमी बघावं तर एका चुकीला अडीच पानं. नुसते कंस. हा टाइप त्या टाइपच्या पोटात, तो आणखी कुणाच्या पोटात. चूक कुठल्या ओळीत हाये ते शेवटपर्यंत सापडत न्हाई. दोन दिवस मी बसलो त्याच्यापुढं. मग सायेब येऊन उभे राहिले डोक्यावर."

"म्हणून काढून टाकायचं?"

"काढलं कुठं? झाकून ठेवलंय. प्रोग्रॅम चालवून बघितला ना मी. बादलीत पाणी सोडून बघितलं. लई व्यवस्थित चालतोय."

"चालणारच. चुकीचा आकडासुद्धा चालतो."

सुदर्शन हसला नाही. त्यानं घास खाली ठेवला. "हर्षा, तू थांबवतेस ते बरोबर असतं दर वेळी. पण थांबवलं की माणसानं काय करायचं, ते तुझं मशीन सांगतच न्हाई. गुरुवार होऊ दे. मग बसू." तिनं डब्याचं झाकण लावलं, आणि तोच होकार असं धरून तो हात धुवायला गेला.

शनिवारी दुपारी ती शिवाजीनगरहून जुन्नरच्या एसटीत बसली. घरी काही कार्य नव्हतं. दोन महिने गेली नव्हती, एवढंच कारण तिनं स्वतःला सांगितलं. खिडकीची काच खडखडत होती. राजगुरूनगरच्या पुढं उन्हानं पांढरी झालेली माळरानं, मग मंचरचा बाजार, मग नारायणगावचे टोमॅटोचे मांडव. थांबवलं की माणसानं काय करायचं, हे सुदर्शनचं वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं, आणि ते त्याचं वाक्य नाहीच, आपण ते फार पूर्वीपासून ओळखतो, असं तिला वाटत राहिलं. जुन्नरला पेठेत तिच्या वडिलांचं, लालचंदजींचं, औषधांचं दुकान होतं. शाळा सुटली की ती काउंटरच्या आत एका उंच स्टुलावर बसून गृहपाठ करायची. औषधाच्या खोक्यांचा, स्पिरिटचा आणि उदबत्तीचा मिळून एक वास तिथं असायचा. अनेक वर्षांनी पुण्याच्या एखाद्या दवाखान्याच्या दारातही तो अर्धामुर्धा यायचा आणि तिची पाठ आपोआप ताठ व्हायची. लालचंदजी चिठ्ठी हातात घेत, चष्मा कपाळावर चढवत आणि चिठ्ठी उजेडाकडं धरत. अक्षर लागलं तर औषध. नाही लागलं तर नाही. ओळखीचा असो, घाईचा असो, रडणारा असो. "डॉक्टरांकडून पुन्हा लिहून आणा," हे वाक्य ते आवाज न चढवता म्हणत, आणि त्यापुढं दुसरं वाक्य नसे.

ब्याण्णव साल असावं, कारण ती सहावीत होती. अर्ध्या शाळेचा दिवस होता, दुपारी दोनच्या सुमाराला घाटघरची ठकूबाई म्हणून एक बाई आली होती. लुगड्याच्या ओच्यात चिठ्ठी, पायांवर गुडघ्यापर्यंत तांबडी धूळ. तिच्या नातवाला झटके येत होते. पोर घरी सुनेजवळ ठेवून ती डॉक्टरांना सांगायला सकाळच्या गाडीनं एकटीच आली होती. डॉक्टरांनी पोराला आधी बघितलेलं होतं, म्हणून औषध लिहून दिलं. लालचंदजींनी चिठ्ठी उजेडाकडं धरली. मग काउंटरवर ठेवली, मग पुन्हा उचलली. हर्षानंही मान लांब करून बघितलं होतं. चारचा आकडा, आणि त्याच्या आधी एक ठिपका. शाईचा असेल, कागदातलाच एखादा काळा कण असेल. चार मिली, की पॉइंट चार मिली? "हे असं देता येणार नाही," लालचंदजी म्हणाले. "डॉक्टरांकडून पुन्हा लिहून आणा."

"आवो भाऊ, तिथनंच आले न्हवं मी."

"पुन्हा जा. हा टिंब आहे का नाही, विचारा."

"डाक्टर ओझरला गेलं. सांजच्याला येत्यात म्हणं." ती काउंटरच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभी होती. "माजी येष्टी साडेचारची हाय. ती गेली की मग उद्याच. तुमी द्या की अदमासानं. तुमाला म्हाईत असतंय समदं."

"अंदाजानं नाही देता येत, बाई."

ठकूबाई दुकानाच्या पायरीवर बसली. हर्षाला तिची पाठ दिसत होती आणि अंबाड्यातली एक तुटकी पिन दिसत होती. चार वाजले. सव्वाचार वाजले. मध्ये गिऱ्हाइकं आली, तिच्या बाजूनं पाय टाकून आत आली, गेली. हर्षाची आई, सुमतीबाई, वरच्या मजल्यावरून पाणी घेऊन खाली आली. ठकूबाई तांब्या वर धरून घटाघटा पाणी प्यायली आणि तिनं तांब्या आपल्या पदरानं पुसून परत दिला. साडेचार व्हायला थोडा वेळ असताना ती उठली, चिठ्ठी पुन्हा ओच्यात खोचली, आणि कुणाकडंही न बघता बाजाराच्या दिशेनं चालायला लागली. तिकडं स्टॅंडही होतं, आणि दुसरं औषधांचं दुकानही होतं. हर्षानं विचारलं होतं, पप्पा, त्या बाळाचं आता काय होणार? लालचंदजी खोकी लावत होते. म्हणाले, माहीत नाही. ठकूबाई त्यानंतर त्यांच्या दुकानात कधीच आली नाही. तिच्या न येण्याचा अर्थ हर्षानं कित्येक वर्षं वेगवेगळा लावला होता. बारावीत असताना एका अर्थानं, कॉलेजात दुसऱ्या. चांगला अर्थ लावता येत नव्हता असं नाही, पण तो तिच्याच्यानं फार वेळ टिकवला जात नसे.

दुकान आता तिचा भाऊ कल्पेश बघत होता. काउंटर काचेचं झालं होतं, एका कोपऱ्यात कॉम्प्युटर आला होता. लालचंदजी सकाळी दोन तास खुर्ची टाकून बसत आणि मग वर जात. रविवारी सकाळी ते दोघंच गच्चीत होते. सुमतीबाईंनी पापड वाळत घातले होते आणि कावळ्यांवर लक्ष ठेवायचं काम दोघांना दिलं होतं. समोर शिवनेरी उन्हात स्वच्छ दिसत होता. हर्षानं काही प्रस्तावना न करता विचारलं, "पप्पा, घाटघरची ठकूबाई आठवते?"

तिला वाटलं होतं, कोण, म्हणून विचारतील. लालचंदजींनी काठीनं एक कावळा हाकलला आणि काठी मांडीवर आडवी ठेवली. "टिंब होता तो," ते म्हणाले.

"काय?"

"शाईचाच टिंब. पॉइंट चार. त्याच दिवशी दुकान वाढवून मी डॉक्टरांकडं गेलो होतो विचारायला. चार मिली दिलं असतं तर पोर उठलं नसतं."

हर्षा त्यांच्याकडं वळून बसली. "म्हणजे तुमचं बरोबर होतं."

"बरोबर होतं." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "मी शिशी बांधून ठेवली. वर लिहिलं, पॉइंट चार, दिवसातून दोनदा. घाटघरचं कुणी आलं तर पाठवू म्हणून. एक कंडक्टर होता हौशीराम नावाचा, त्यालाही सांगून ठेवलं. वर्षभर होती ती शिशी. मग तिची तारीख संपली, मग टाकली."

"तिनं दुसरीकडून घेतलं असेल?"

"असेल. त्यांना टिंब दिसला असेल, नसेल. मी जाऊन विचारलं तिथं. त्यांना आठवेना." पापडांवरून वारा गेला, एक पापड उलटला, त्यांनी वाकून तो सरळ केला. "तू विचारतेस ते ठाऊक आहे मला. तेव्हाही विचारलं होतंस. मी थांबवलं, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण डॉक्टर ओझरलाच होते, चंद्रावर नव्हते गेले. अर्ध्या तासाची वाट. मी शटर ओढून तिच्याबरोबर गेलो असतो तर साडेचारची गाडी तिला मिळाली असती. दुकान दोन तास बंद राहिलं असतं, दुसरं काय? हे मला त्या दिवशी सुचलंच नाही बघ. मी नाही म्हणालो, आणि माझं काम झालं असं मला वाटलं."

खालून कल्पेशनं कुठल्यातरी कंपनीच्या माणसाबद्दल काही विचारलं आणि ते जिन्याशी जाऊन उत्तर देऊ लागले. हर्षा गच्चीत बसून राहिली. परतीच्या गाडीत तिला झोप लागली, आणि नारायणगाव ते चाकण तिला काहीही आठवलं नाही, आपण नुसते डोळे मिटून हलत होतो एवढंच.

सोमवारी ती सुदर्शनच्या आधी ऑफिसात आली. तपासणी तीच ठेवली, फक्त आणखी अलीकडं ओढली. साच्याच्या पोटात शिरायच्या आधीच, उंबऱ्यावरच चूक अडावी अशी बसवली. कंपायलरला माणसासारखं बोलता येत नाही. पण चूक सांगताना तो तिथल्या टाइपचं नाव घेतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं एक रिकामा टाइप बनवला, ज्याचा उपयोग फक्त नावापुरता, आणि त्याला लांबलचक नाव दिलं: इथं एकक लिहा, उदाहरणार्थ मिलिग्रॅम. इंग्रजी अक्षरांत, शब्दांच्या मध्ये आडव्या रेघा देऊन. मग तिनं सुदर्शनला बोलावलं आणि बिल्ड लावलं. अडीच पानं आली नाहीत. एक ओळ आली: अमुक फाइल, अमुक ओळ, आणि पुढं ते नाव. सुदर्शन खुर्चीच्या पाठीवर हात टेकून वाचत राहिला. "इथं एकक लिहा," तो मोठ्यानं म्हणाला. "हे आधी का न्हाई केलंस, राव?"

"सुचलं नाही," ती म्हणाली.

एक्केचाळीस ठिकाणं त्यांनी दोघांनी मिळून करायला घेतली. तो तक्त्यातून वाचायचा, ती लिहायची. मंगळवारी दुपारी चाळीस झाली. उरलं एक. रक्तदाब फार खाली गेला की तो धरून ठेवायला देतात त्या औषधाची ओळ. तक्त्यात नुसतं लिहिलं होतं, पाच. "मायक्रोग्रॅम," सुदर्शन म्हणाला. "किलोमागं, मिनिटाला. हे औषध असंच देतात. लिही." हर्षानं बोटं कळफलकावर ठेवली आणि उचलली. त्याच पानावर दोन ओळी खाली दुसऱ्या एका औषधापुढं कुणीतरी तासाला मिलिलिटर असं लिहिलेलं होतं. हे पाच त्या हाताचे असले तर? तिनं हॉस्पिटलात फोन केला. डॉक्टर मुंबईला परिषदेला गेले होते, बुधवारी रात्री येणार. मोबाइल बंद. तक्ता ज्या सिस्टरनं केला ती रजेवर. "मायक्रोच असणार गं," सुदर्शन पुन्हा म्हणाला, पण आवाज थोडा उतरला होता. बुधवारी संध्याकाळी हर्षानं ते औषध यादीतून काढलं. साहेबांना सांगितलं. साहेब कपाळाला हात लावून बसले आणि शेवटी म्हणाले, "तिथं तूच सांग मग डॉक्टरांना."

गुरुवारी दहाला ते दोघं हॉस्पिटलात पोचले. अठरा खाटांचं, पुढं करंजाची दोन झाडं, बाहेर ट्रॅक्टर उभे. तिनं जाताच डॉक्टरांना सांगितलं. ते पन्नाशीचे, थकलेले, प्रवासातून आलेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "मॅडम, माझ्याकडं आत्ता या घटकेला एकच पेशंट आहे ज्याला पंपाची गरज आहे, आणि त्याला हेच औषध लागतंय. पहाटे आलाय. जुना पंप चार दिवसांपासून बंद आहे. मी तुमच्या भरवशावर होतो."

"हो," हर्षा म्हणाली. "पण तक्त्यात नुसतं पाच लिहिलंय. पाच कशाचे, ते नाही लिहिलेलं."

"पाच मायक्रोग्रॅम! दुसरं काय असणार?"

"सर, एकदा विचारता का सिस्टरना?"

त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग फोन उचलला. बोलणं एकाच बाजूचं ऐकू येत होतं. अगं, ते पाच लिहिलंस ते काय? हां. कुठल्या बाटलीचं? हां. मग ते बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तासाला पाच मिली. मागच्या एका म्हाताऱ्या बाईचं तिनं तसंच उतरवलं." सुदर्शन भिंतीला टेकला. मायक्रोग्रॅम धरले असते तर खऱ्या वेगाच्या जवळपास दुप्पट वेग झाला असता. त्याला ते गणित तोंडपाठ होतं. "आता घालाल का दुरुस्त करून?" डॉक्टरांनी विचारलं, आणि हर्षाला हो म्हणावंसं वाटलं. पाच मिनिटांचं काम होतं. लॅपटॉप पिशवीत होता. पण तपासणी न होता पंपात गेलेला प्रोग्रॅम, आणि पुढं खाटेवर जिवंत माणूस. "आज नाही," ती म्हणाली. "ऑफिसात पुन्हा सगळं तपासून सोमवारी आणतो. आज या पेशंटचं तुम्ही एरवी कसं केलं असतं?"

"हातानं. बाटलीत पातळ करून, थेंब मोजून. मिनिटाला दहा. नळीचा वेग आपोआप बदलतो, पेशंटनं हात हलवला तरी बदलतो. सतत बघावं लागतं. माझ्याकडं दोन सिस्टर आहेत आणि अठरा खाटा."

"मी बसते," हर्षा म्हणाली. हे आपण ठरवून म्हणालो नाही, तोंडातून आलं, आणि आल्यावर बरं वाटलं, हे तिला कळत होतं. डॉक्टरांनी तिला नीट दाखवलं. आठच्या खाली नको, बाराच्या वर नको, नळीवरचं चाक असं फिरवायचं, गडबड वाटली तर हाक मारायची. दर पंधरा मिनिटांनी सिस्टर येऊन रक्तदाब बघेल.

पेशंटचं नाव चिमाजी, वय बासष्ट. काळाकभिन्न, हाडकुळा, नाकात नळी. शेजारी त्याची बायको गोजरबाई स्टुलावर बसलेली. हर्षानं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. थेंब फुगायचा, लोंबायचा, सुटायचा. पहिला अर्धा तास तिला वाटत होतं, आपण मोजतो आहोत. मग मोजणं आपोआप व्हायला लागलं आणि डोकं रिकामं झालं; कुठलीच जुनी गोष्ट त्यात येईना. अकरा झाले, चाक किंचित आवळलं. नऊ झाले, सैल केलं. सुदर्शन तासातासानं येऊन बसायचा आणि तिला उठवायचा. ती बाहेर करंजाखाली पाय मोकळे करून यायची. बाराला सिस्टर म्हणाली, वरचा पंच्याऐंशी. दोनला, ब्याण्णव. दुपारी चारला सुदर्शन म्हणाला की पंप घेऊन पुण्याला जाणारी गाडी निघतेय. "तू जा," ती म्हणाली, "पोचल्याबरोबर लावून दे बिल्ड, सगळ्या चाचण्या. मी मागून येईन."

गाडी गेल्यावर गोजरबाईनं विचारलं, "तुमी सिस्टर न्हाई ना?"

"नाही. मी त्या मशीनवाल्यांपैकी."

"मंग मशीन का न्हाई लावलं?"

"अजून नीट झालं नव्हतं ते," हर्षा म्हणाली. "चुकलं असतं."

गोजरबाईनं त्यावर विचार केला. "बरं झालं सांगितलं," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या पायावरची चादर नीट केली.

साडेपाचला डॉक्टर स्वतः आले. पट्टा बांधला, फुगवला, कान लावला. एकशे चार. त्यांनी पुन्हा एकदा बघितलं आणि वेग आठवर आणायला सांगितला. असाच टिकला तर रात्रीपर्यंत बंद करता येईल, म्हणाले. जाताना तिला म्हणाले, "सोमवारी तक्ता मी स्वतः लिहून देतो. एककांसकट." चिमाजीनं डोळे उघडले होते. त्यानं बायकोकडं बघितलं, मग हर्षाकडं, आणि ही कोण हे विचारायची ताकद नसल्यामुळं पुन्हा मिटले.

दारातून संध्याकाळचं ऊन खाटेच्या पायाशी आलं होतं. गोजरबाईनं खाटेखालची पिशवी ओढली, फडकं सोडलं. ज्वारीच्या तीन भाकरी, वर ठेचलेली चटणी. एक भाकरी तिनं मोडली आणि चटणी लावून हर्षापुढं धरली. "घ्या. सकाळधरनं बसलाय."

हर्षानं थेंबांवरची नजर न काढता वास घेतला. "मावशी, मी लसूण खात नाही."

गोजरबाईचा हात क्षणभर तसाच राहिला. मग तिनं ती भाकरी स्वतःपुढं ठेवली, पिशवीत खोलवर हात घालून कागदाची एक पुडी काढली, सोडली. आत गुळाचा खडा होता. तिनं तो दातांनी न फोडता खाटेच्या लोखंडी पायावर आपटून फोडला, दुसरी भाकरी घेतली, तिच्यावर अर्धा गूळ ठेवला आणि पुन्हा हात पुढं केला. हर्षानं डाव्या हातानं भाकरी घेतली. उजवा चाकावर होता. सहा, सात, आठ, असं मनात म्हणत तिनं पहिला घास तोंडात घातला.